माहूरच्या अलीकडून परत

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "काकू, आई गेली," तो म्हणाला. मागे त्याच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं आणि त्याहून मोठ्यानं बादलीत पडणारा नळ. माझ्या तोंडून निघालं, "नळ चालू हाय ना? आधी पिपं भरून घ्या." त्याला ते लागलं असेल. पण आक्का माझी थोरली जाऊ होती. असा फोन तिला आला असता तर तीही हेच बोलली असती.

आता महिना होत आला. लोक तिच्या मायेबद्दल बोलतात. माया होती, नाही कोण म्हणतं. पण तिनं माझं माहूर बुडवलं, तेही कोणीतरी लिहायला पाहिजे.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमचे मालक ड्रायव्हर म्हणून कचेरीत लागले आणि आम्ही गाव सोडून लातुरात आलो. भाऊजी आधीच वारले होते, म्हणून आक्का आणि लहानगा मिलिंद आमच्यासोबतच. नव्या जिल्ह्याला नवे साहेब आले, नव्या पाट्या लागल्या. नळाला मात्र पाच-सहा दिवसांनी एकदा पाणी, कारण दोन वर्षं पाऊस नीट पडलाच नव्हता. त्या हिवाळ्यात मालकांनी एका दोस्ताची जीप मिळवली. आधी कंधारचा किल्ला, नांदेडला मुक्काम, मग भोकरवरून माहूर. आम्ही बौद्ध, देवीचं दर्शन काही घ्यायचं नव्हतं. लेणी पाहायची होती, आणि मला डोंगर. माझं माहेरही सपाट आणि सासरही सपाट. चौथीपर्यंतच्या पुस्तकात डोंगर पाहिलेला, तेवढाच.

निघताना आक्कानं भरलेली पितळी कळशी माझ्या दोन पायांमध्ये ठेवली. तोंडाला फडकं बांधलं होतं, पण खड्डा आला की पाणी उसळून माझ्या नव्या लुगड्यावर. त्या थंडीत मी गुडघ्यापर्यंत ओली.

"आक्का, वाटंत मिळंल की पाणी!"

"मिळंल म्हणणारे लई पाहिले. धर नीट."

कंधारला आम्ही किल्ल्यात फिरलो, आक्का खंदकाच्या काठावरच थांबली. मालक म्हणाले, "वहिनी, किल्ला आत हाय, तुम्ही खाली काय बघत बसल्या?" ती म्हणाली, "एवढा मोठा खंदक अन् बुडाला शेवाळ. राजालाबी पुरलं न्हाई." मालक हसले. मला हसू आलं नाही, लुगडं अजून वाळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भोकर मागे टाकून एका हॉटेलावर चहाला थांबलो. समोर पाहिलं तर लांबवर निळी रेघ, मध्येच उंच, मध्येच खोल… मी मिलिंदला म्हटलं, "त्यो बघ डोंगर." तेवढ्यात मालकांच्या ओळखीचा एक ट्रकवाला भेटला. लातूरहून आलेला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या गल्लीला उद्या सकाळीच पाणी सुटणार म्हणं."

आक्कानं अर्धा कप खाली ठेवला. "गाडी फिरव."

"वहिनी, अहो माहूर आता दोन-तीन तासांवर आलं."

"माहूर कुठं पळून चाललं न्हाई. पाणी जातं."

मी म्हटलं, "पाण्याची एक पाळी चुकली म्हणून मरत न्हाई कोणी. शेजारीण दोन घागरी दील की."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मागायचं?" एवढंच म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

गावी भाऊजी वारले तेव्हाही दुष्काळच होता आणि त्यांना आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. ही घागर घेऊन दारोदार फिरली. एकीनं दार लावून घेतलं. दुसरीनं लांब उभं राहायला सांगून वरून धार सोडली. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हणते, त्या दिवशी कोणी मेलं नव्हतं. डोंगर समोर दिसत होता. पण मालकांनी वहिनीचा शब्द कधी मोडला नव्हता. जीप फिरली. मिलिंद रडून रडून झोपला. मी मान मागे करून बसले, धुळीत काही दिसेनासं झालं तरी.

सकाळी आक्कानं नळाखाली घागर लावली. नळ नुसता सुं सुं करत राहिला. दुपारपर्यंत एक थेंब आला नाही. पाणी आलं ते नेहमीच्या पाळीला, म्हणजे माहूर पाहून आलो असतो तरी मिळालं असतं.

"आता माहूरचं काय, आक्का?"

"फुडल्या हिवाळ्यात."

पुढच्या हिवाळ्यात मला दिवस गेलेले. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जीप नव्हती. मग मालकांची बदली नांदेडला झाली आणि आक्का मिलिंदला घेऊन लातुरातच राहिली. मग मालकही गेले, माझे गुडघेही गेले. आक्का फोनवर दर वेळी म्हणायची, "तुझं माहूर ऱ्हायलं गं." आणि पुढच्याच वाक्यात, "तुमच्याकडं नळ कवा येतो?"

आक्का गेली त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा दार माणसांनी भरलेलं होतं. नळ सकाळीच बंद झाला होता, पुन्हा आठवड्यानंच येणार. पण न्हाणीपासून जिन्यापर्यंत ओळीनं पिपं, हंडे, घागरी, सगळं काठोकाठ. तिला आंघोळ घातली, आल्या-गेल्यानं हातपाय धुतले, प्यायले. कोणाला घागर घेऊन कोणाच्या दारात जावं लागलं नाही. पुढे दिवसांच्या कार्यापर्यंत, आमच्या जलदानविधीपर्यंत, तेच पाणी पुरलं.

परवा पुन्हा गेले होते. मिलिंद म्हणाला, "काकू, आता चला माहूरला. रस्ता चांगला झालाय." मी म्हटलं, "अन् गड चढू कशानं, तुझ्या गुडघ्यानं?" त्याची बायको न्हाणी धुवायला निघाली होती. ओळीच्या शेवटी ती पितळी कळशी होती, तोंडाला फडकं बांधलेली, आक्कानं जाण्याआधी शेवटची भरलेली.

"काकू, ह्ये पाणी शिळं झालं. वतून देऊ का?"

"वतशील तर बघ," मी म्हटलं.