सुराची शेपटी

“आठ बिटवर उतरवलं की म्हैस काय नि कोकिळा काय, सगळं सारखंच.”

दादा बोलला आणि हसला. मी मान वळवून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. आवाज हेडफोनमधून आला होता, मीच गायलेल्या सुराच्या शेवटातून.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. सुरतेत, उधन्याला, कापडाच्या लूमच्या कारखान्यावर दुसऱ्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ आहे. कीबोर्डची कळ दाबली की सनई वाजावी, संबळ वाजावा, म्हणून वाद्यांचे सुटे सूर रेकॉर्ड करून तो लग्नाच्या बँडवाल्यांना विकतो. ते सूर कापून नीट करायचं काम माझं. मी कमी बोलते म्हणून गिऱ्हाइकांसमोर तो मला “आमचं म्यूट बटण” म्हणायचा. ते हसायचे. मीही हसायचे, कारण नाही हसलं तर तो पुन्हा सांगायचा.

यावेळी गाणाऱ्या बाईचा सूर हवा होता आणि ठरलेली गायिका आलीच नाही. दादाने मला काचेच्या खोलीत उभं केलं. “नुसतं ‘आ’ कर. तेवढं तरी जमेल ना?”

खालच्या लूमना सुट्टी होती. सूर थांबवला तरी गाणाऱ्याने हलायचं नसतं. तो पूर्ण विरेपर्यंत माइक चालू ठेवतात. मी श्वास रोखून उभी राहिले. हेडफोनमध्ये तानपुरा चालू होता, म्हणून मला बाहेरचं काही ऐकू आलं नाही. माइकला आलं. दार नीट लागलं नव्हतं, आणि बाहेर दादा कामरेजच्या कीबोर्डवाल्या काकांशी माझ्याबद्दल बोलत होता.

आम्ही चोवीस बिटमध्ये रेकॉर्ड करतो. आवाज मोजायचा एक जिना आहे असं समजा. चोवीस बिटच्या जिन्याच्या पायऱ्या इतक्या बारीक असतात की अगदी हळू आवाजालाही उभं राहायला जागा मिळते. जुन्या कीबोर्डच्या मेमरीत मावावा म्हणून तोच सूर आम्ही आठ बिटवर आणतो. तिथे पायऱ्या थोड्या आणि उंच. मोठा सूर निभावून जातो, विरत जाणारा खरखरीत बुडतो. दादाचं वाक्यही तसंच बुडालं असतं. पण कुठे कापायचं ते कळावं म्हणून मी मूळ फाइलचा शेवट खूप मोठा करून ऐकत होते. ‘म्हैस’ म्हणण्याआधी त्याने घेतलेला श्वाससुद्धा त्यात स्वच्छ होता. काकांचं हसूही.

तोपर्यंत आईचं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून झालं होतं की हिचा आवाज कीबोर्डात जाणार. नातेवाइकांत मी इंग्लिश मीडियमची, तोंड न उघडणारी. माझ्याबद्दल सांगण्यासारखं तिला पहिल्यांदाच काही मिळालं होतं.

मी तो शेवट कापला नाही.

काका सुरांचा सेट न्यायला आले त्या दिवशी आईही ऐकायला आली, इस्त्रीची साडी नेसून. दादाने तिच्या हातात नाश्त्याला गरम लोचोची प्लेट दिली. “मामी, हिचा आवाज मी स्वतः निवडला बरं का.”

“एकदम फर्स्ट क्लास, ताई,” काका म्हणाले.

आईने लोचो तसाच बाजूला ठेवला आणि डोळे मिटले. मला आठ बिटची फाइल लावायची होती. मी मूळ लावली. सूर विरला तशी तिने काही बोलायला तोंड उघडलं. मी हाताने थांब म्हटलं आणि आवाज वर नेला.

सगळं नीट ऐकू आलं. काका मोबाइल काढून बघायला लागले.

“अरे, ते… मशीनबद्दल चाललं होतं, मामी,” दादा म्हणाला. “तुम्हाला नाही कळायचं.”

आईला लागणार हे मला ठाऊक होतं. पण जिच्यासमोर दादाला लाज वाटेल असं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. ती परक्यांसमोर नेहमी जपून, शुद्ध बोलते. त्या दिवशी तिचा चेहरा उतरला आणि तोंडून घरची अहिराणी आली.

“कोनले म्हैस म्हनस रे तू?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी सांभाळून घेते, याची त्याला सवय होती.

“मला म्हणाला, आई,” मी म्हणाले. “परत लावू?”