ओढायचं, फुंकायचं नाही

सकाळी बरोबर सव्वासहा. नळाला पाणी आलं, मी हंडा उचलायला वाकले आणि तशीच राहिले. मागे सोनी रडतेय, वर्षाची पोर, आणि मला तिला उचलता येईना. तिथून हे सुरू झालं. मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकाची कंबर धरली की अख्खा मजला डॉक्टर होतो. किस्से साचणारच.

खऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला प्लास्टिकचं एक यंत्र दिलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की आतल्या तीन गोळ्या वर चढतात. म्हणाल्या, श्वासाचा पडदा कंबरेला आतून आधार देतो, तो कमजोर पडलाय. मला एकच धास्ती, पोर हातातून पडेल. मी रोज ओढायला लागले.

सासूबाईंनी लगेच निकाल दिला. "आता श्वास घ्यायलापण शिकवणी. उद्या झोपायचा क्लास लावशील."

*

शेजारच्या रेखाकाकू यंत्र बघायला आल्या. मी नळी धुऊन दिली. फुंकून फुंकून लाल झाल्या, गोळ्या ढिम्म. म्हणे फॉल्टी आहे, बदलून आण. काकू, ओढायचं असतं, फुंकायचं नाही, म्हटलं तर फुगून बसल्या. मग जिनाभर सांगत सुटल्या, हिला डॉक्टरने फसवलंय.

*

त्यांचे मिस्टर मात्र हुशार. एका दमात तिन्ही गोळ्या वर! आम्ही बघतच राहिलो. काकूंनी तेवढे डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाल्या, "विडी सोडली म्हणत होतात ना?"

*

आमच्या ह्यांचे भुईगावचे मित्र आले. गोळ्या कोण जास्त वेळ वर धरतो, यावर पैज. एकाला चक्कर आली. लिंबूसरबत कुणी केलं? मीच, कंबरेला हात लावून. दुखणं माझं, व्यायाम ह्यांचा.

*

हळूहळू कंबर सुटली. एक दिवस सोनीने हात वर केले. मी श्वास ओढला, पोट आवळलं आणि उचलली तिला. रडूच आलं. सासूबाई म्हणाल्या, मी तेल चोळलं त्याचा गुण.

दुसऱ्या दुपारी आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आत टक, टक, टक. गोळ्या पडल्याचा आवाज. ढकलून बघते तर सासूबाई, नळी तोंडात, एक हात स्वतःच्या कंबरेवर.

"कुणाला सांगू नकोस."

मी नाही सांगणार. तुम्ही वाचलंत ना, तुम्ही सांगा, भेटेल त्याला.