कूलरची खिडकी

नागपूरच्या माणसाला थंडीशी वागता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. उन्हाळ्याचं विचारा. कूलरला नवी खस, खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा, सगळं तोंडपाठ. थंडी आली की मात्र मागच्या वर्षीचं स्वेटर शोधत फिरायचं आणि वर म्हणायचं, "आमी मे महिना काढतो गा, थंडी काय करते आमचं?" मीही हेच म्हणायचे. आता कोणी म्हटलं की माझं डोकं सणकतं.

दोन घरं सोडून माझी मैत्रीण राहायची. पन्नाशी उलटली तरी आम्हां दोघींच्या पायाला भिंगरी. फुटाळा तलावापर्यंत रोजची चाल, आणि मधूनच मनात आलं की सायकली काढून थेट रामटेक. दिवाळी झाली, गारठा पडला की सोबतच्या बायका एकेक करून गळायच्या. कोणाचे गुडघे, कोणाचा दमा. आम्ही दोघीच उरायचो आणि त्याचा आम्हाला माज होता.

तिचं एक खूळ होतं. दिवाळीनंतर सगळे खिडकीतला कूलर काढतात आणि ते भोक पुठ्ठ्याने बुजवतात. ही तिथे नुसती जाळी ठोकायची आणि त्याच समोरच्या खोलीत एकटी झोपायची, नवरा आतल्या खोलीत. पहाटे मी रस्त्यावरूनच हाक मारायचे, "येतं का वं?" आतून लगेच उत्तर यायचं, "थांब वं, बूट घालून राहिली."

मागच्या हिवाळ्यात तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झालं आणि नेमकी थंडी पडली. एका सकाळी पाहते तर खिडकीला पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक, चारी बाजूंनी चिकटपट्टी.

"काहून वं, घाबरली का थंडीले?" मी चिडवलं.

"मी कायची घाबरतो? लेकराले वारा लागते ना."

नातवासाठी ती पहिल्यांदा थंडीपुढे वाकली होती. मला गंमत वाटली. फिरणं तिने सोडलं नाही. बाळाच्या आंघोळीच्या आत परतायचं, एवढीच अट. खिडकी बंद म्हणून मला हाक जरा मोठ्याने मारावी लागायची.

बाळंतिणीला शेकायला रोज कोळशाची शेगडी पेटायची, वर ओवा टाकायचा. एका संध्याकाळी वारा फार झोंबत होता. शेक झाला, मुलगी बाळाला घेऊन मधल्या खोलीत गेली. शेगडीत विस्तव अजून चांगला होता. "फुकट काहून घालवायचा," असं म्हणून हिने ती शेगडी आपल्या खोलीत ठेवली आणि मधलं दारही लावून घेतलं. हे मला मुलीने नंतर सांगितलं.

सकाळी मी हाक मारली. पुन्हा मारली. मग बाजूचं दार वाजवलं. मुलीनेच उघडलं, आम्ही दोघी मधलं दार उघडून तिच्या खोलीत गेलो. खोलीत छान ऊब होती. ती गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडली होती, गाल लालसर, उन्हातून चालून आल्यावर व्हायचे तसे. खाटेखाली बूट जोडून ठेवलेले. मी हलवलं तेव्हा अंग गार लागलं.

बंद खोलीत कोळशाचा वायू होतो, त्याला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारे म्हणत, "झोपेत गेली, पुण्यवान होती." एकीला मी तोंडावर म्हटलं, "पुण्य कायचं? हवा नव्हती तिथं." जन्मभर उघड्यावर राहिलेली बाई हवेवाचून गेली. मला अजून राग येतो. कोणावर, ते सांगता येत नाही.

तिच्या नवऱ्याने तो पुठ्ठा ओरबाडून काढला. यंदाही भोक उघडंच आहे. घरभर वारा शिरतो, बाळ घरातसुद्धा कानटोपी घालून रांगतं. वडील एकटे पडले म्हणून मुलगी इथेच राहिली. मी यंदा रस्ता बदलला. मागच्या गल्लीने जायचे, म्हणजे ती खिडकी दिसायला नको. चालण्यात काही राम उरला नव्हता, पाय आपले सवयीने पडायचे.

परवा मुलगी घरी आली. चहा घेतला नाही.

"मावशी, आता आवाज काहून देत नाही?"

"कोणाले देऊ वं?"

"मले दे. मी त्याच खोलीत झोपतो. रोज त्या टायमाले जाग येते, अन् तुझी वाट पाहत राहतो."

रात्रभर तेच डोक्यात होतं. पहाटे पुढच्या रस्त्याने गेले. खिडकीसमोर उभी राहिले. कसंबसं म्हटलं, "येतं का वं?"

"थांब, लेकरू उठून राहिलं," आतून आलं.

आवाज अगदी आईचा. मी तिथेच पायरीवर बसले. त्या दिवशी फिरायला गेलेच नाही.