तिसऱ्यांदा विचारतील म्हणून

रेसला जाताना काय घालायचं, यावर आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर चर्चा चालली होती. मुलीने फोनवरचा निरोप वाचून दाखवला होता, ‘स्मार्ट फॉर्मल्स’. फॉर्मल्स मला कळतात, सरकारी नोकरीत उभं आयुष्य तेच घातले. पण स्मार्ट म्हणजे काय? ऑफिसात विचारलं, तर एकाने सांगितलं टाय हवाच, दुसऱ्याने सांगितलं टाय बिल्कुल नको. शेवटी मी टाय खिशात ठेवून गेलो आणि दिवसभर तो खिशातच राहिला.

आमंत्रण मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांचं होतं. ‘होणाऱ्या’ हा शब्द तेव्हा जरा घाईचाच होता. मुलगा तिच्या ऑफिसातला, दिल्लीतच वाढलेला, पंजाबी. दोघांचं आपसात ठरलं होतं, मुलगा घरी येऊन जेवून गेला होता, आम्हाला आवडला होता. राहिली होती ती मोठ्यांची भेट. त्यासाठी मुलाच्या वडिलांनी ना घर निवडलं, ना हॉटेल. मित्रांबरोबर भागीदारीत घेतलेली त्यांची एक घोडी होती, ती सीझनच्या सगळ्यात मोठ्या रविवारी धावणार होती, आणि ‘उसी दिन मिलते हैं, शुभ दिन है’ असा त्यांचा आग्रह. केंद्र सरकारच्या नोकराने रेसकोर्सवर जाणं नियमात बसतं का, ही शंका मला होतीच. बायको म्हणाली, “तुम्ही घोड्यावर बसणार नाही आहात. चला.”

निघताना मुलीने मला बाल्कनीत गाठलं.

“बाबा, आज अंकल रोक्याचं विचारणार आहेत.”

रोका म्हणजे त्यांच्याकडे दोन्ही घरांनी बसून लग्न पक्कं करणं. साखरपुडा त्यानंतर.

“तुम्ही हो म्हणणार ना?”

“म्हणजे काय! म्हणणारच.”

“पक्का?”

“अगं, पक्का.”

मी तेव्हा अगदी मनापासून बोललो होतो, हे इथे लिहून ठेवतो. कारण दुपारपर्यंत मी नेमकं उलट केलं होतं.

मेट्रोने गेलो. त्या स्टेशनाचं नाव बदलून वर्षं झाली, आमच्या तोंडात अजून रेसकोर्सच. फाटकातून आत शिरलो आणि मला वाटलं आपण चुकून कुठल्यातरी लग्नात आलो. थंडीतलं ऊन, कापलेली हिरवळ, पांढरे तंबू, आणि बायकांच्या डोक्यांवर टोप्या. टोप्या म्हणजे साध्या नाहीत. एकीच्या टोपीवर पिसांचा अख्खा तुरा होता. माझी बायको नारायणपेठी नेसून, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन त्या सगळ्यांतून चालली होती. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी तो डबा कुणाला दिसू नये असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं. मी असाच आहे.

मुलगा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होता; त्याचे आईवडील मात्र उभेच होते. वडील उंच, राखाडी सूट, गळ्यात दुर्बीण. आई हसऱ्या, भरभर बोलणाऱ्या. बायकोने डबा पुढे केला. आता आपल्यात काय होतं? “अहो, कशाला आणलंत एवढं!” असं म्हणून डबा बाजूला ठेवतात आणि पाहुणे गेल्यावर उघडतात. त्या बाईंनी तिथल्या तिथे झाकण उघडलं, एक लाडू उचलला आणि उभ्या उभ्या खाल्ला. “ओ जी, ये तो कमाल है,” म्हणत दुसरा नवऱ्याच्या तोंडात कोंबला. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. हे चांगलं की वाईट, आम्हाला कळेना.

मग आदरातिथ्य सुरू झालं आणि माझं चुकत गेलं.

“बैठिए, भाईसाहब.”

“नहीं नहीं, आप बैठिए.”

ते बसले. एकच खुर्ची होती; मी उभा राहिलो.

“चाय? कॉफी? कुछ और?”

“नहीं नहीं, अभी घर से पीके निकले हैं.”

चहा घेऊन आलेला वेटर तसाच पुढे गेला.

पहिली रेस सुरू व्हायच्या आधी त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्यापुढे धरली. “नहीं नहीं, आप देखिए,” मी म्हणालो. त्यांनी ती डोळ्याला लावली आणि मग काढलीच नाही. त्यामुळे मला रेस दिसली ती अशी: खूप लांबवर मुंग्यांची एक ओळ सरकली, लोक ओरडायला लागले, मी भलतीकडेच बघत राहिलो, समोरून काहीतरी धडधडत गेलं आणि सगळे बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना. मी थोड्या वाजवल्या. मी एकटाच होतो.

जेवणाच्या वेळीही तेच. मुलाच्या आईने स्वतः प्लेटा आणल्या. “अरे, आप पहले लीजिए ना,” मी म्हणालो, आणि बायको म्हणाली, “नहीं जी, भूक ही नहीं है.” सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. बाईंनी “श्योर?” एवढंच विचारलं आणि प्लेटा पलीकडच्या टेबलावरच्या नातेवाइकांना दिल्या.

“परत विचारतील,” मी बायकोच्या कानात म्हणालो.

“कधी?”

“आता विचारतील. आपल्याकडे नाही का, तिसऱ्यांदा घ्यायचं.”

“आपल्याकडे प्लेट घेऊन जात नाहीत,” ती म्हणाली.

हे तिला कळलं होतं. मला कळायला हवं होतं. पण मी गोंधळलेला होतो, आणि गोंधळलेला माणूस आपल्या लहानपणीच्या सवयींना घट्ट धरतो. आईने शिकवलं होतं, कुणाकडे गेलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही. अधाशी दिसू नये.

जेवणानंतर मुलाच्या वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला कठड्यापाशी नेलं. मुलगी लांबून बघत होती.

“भाईसाहब, बच्चे तो खुश हैं. हम भी खुश हैं. अगले महीने रोका कर लें?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “अरे नहीं नहीं, इतनी जल्दी क्या है.”

त्यांनी खांद्यावरचा हात काढला. “मतलब... आप सोचना चाहते हैं?”

“नहीं नहीं, वैसे कुछ नहीं. देखेंगे ना आराम से.”

“ठीक है जी,” ते म्हणाले. “कोई प्रेशर नहीं.” आणि ते घोडीकडे निघून गेले.

मी तिथेच उभा राहून वाट बघू लागलो. मला खरंच वाटत होतं की ते परत येतील, विचारतील, मी थोडे आढेवेढे घेईन, ते हात धरतील आणि मग मी हो म्हणेन. मुलीचा बाप पहिल्या हाकेला हो म्हणाला, तर त्याला मुलगी जड झाली होती असं लोकांना वाटतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण एवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. खरं सांगायचं तर सकाळपासून त्या टोप्यांमध्ये, त्या सुटांमध्ये मला फार लहान वाटत होतं. एवढ्या मोठ्या माणसाने सगळ्यांदेखत माझी एकदा तरी मनधरणी करावी, असं मला वाटत होतं. त्यासाठी मी मुलीचं लग्न पणाला लावलं. इतरांनी त्या दिवशी घोड्यांवर पैसे लावले.

एक रेस झाली, दुसरी झाली. कुणी आलं नाही. आली ती मुलगी, आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

“बाबा, तुम्ही नाही म्हणालात?”

“मी कुठे नाही म्हणालो?”

“आंटी मला म्हणाल्या, बेटा, पापा को टाइम चाहिए, इट्स ओके. काय बोललात तुम्ही?”

“अगं, मी नहीं नहीं म्हणालो. ते नाही म्हणजे तसं नाही नव्हे. आपल्यात...”

“ते आपल्यातले नाहीत, बाबा!”

बायको शांतपणे म्हणाली, “मला बघायला आलात तेव्हा तुमच्या घरचेही ‘बघू’ म्हणून गेले होते. माझे बाबा किती दिवस नीट जेवले नाहीत, माहितेय? आता जा आणि सरळ सांगून या.”

मी निघालो. रेसच्या आधी घोडे जिथे फिरवून दाखवतात तिथे मुलाचे वडील असतील म्हणून गेलो, तर पहारेकऱ्याने अडवलं. आत घोड्यांच्या मालकांनाच सोडतात. “मैं समधी हूँ,” मी म्हणालो, म्हणजे व्याही. तो म्हणाला, “किसके?” तेवढ्यात ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडून कठड्याकडे पळताना दिसले. मी मागे पळालो. गर्दीत घुसत त्यांच्या शेजारी पोचलो तेव्हा त्यांच्या घोडीची रेस सुटली होती.

“भाईसाहब, हमारी हाँ है.”

त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण. ओठ हलत होते. “चल बेटा, चल, चल!”

“भाईसाहब! हाँ है! हमारी तरफ से हाँ!”

सगळेच ओरडत होते, त्यात मीही ओरडत होतो. शेजारच्या एका टोपीवाल्या बाईंनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं; मी कुठल्यातरी घोड्याला हो म्हणतोय असं त्यांना वाटलं असावं. घोडे समोरून गेले. त्यांची घोडी कुठली ते मला आधीही माहीत नव्हतं, पण त्यांनी दुर्बीण खाली घेतली तेव्हा ती मागे राहिली एवढं कळलं. शेवटी शेवटी ती लंगडत होती म्हणे.

“आप कुछ कह रहे थे?” त्यांनी विचारलं. चेहरा उतरला होता.

“वो... रोके का...”

“घर पे बात करते हैं, भाईसाहब,” ते म्हणाले आणि घोडीचा पाय बघायला गेले.

परतीच्या मेट्रोत आम्ही तिघं शेजारी शेजारी बसलो. ‘घरी बोलू’ म्हणजे काय? आपल्यात कुणी असं म्हणालं की विषय संपला. मी मुलीला विचारलं, त्यांच्यात याचा अर्थ काय होतो. “मला नाही माहीत, बाबा,” ती म्हणाली. तिला मराठीतले कितीतरी शब्द येत नाहीत, म्हणून मी तिला चिडवत असतो. त्या दिवशी मला कुठल्याच भाषेतलं ‘हो’ वेळेवर सुचलं नव्हतं.

घरी पोचल्यावर कपडेही न बदलता मी फोन लावला. बायको समोर बसली, मुलगी दारात.

“घोड़ी कैसी है?” मी विचारलं.

“मोच है. ठीक हो जाएगी.” पाय मुरगळला होता, एवढंच.

बायकोने मला कोपराने ढोसलं.

“रोका कब करना है, बताइए.”

“आपको तो टाइम चाहिए था ना?”

“नहीं. मैंने ‘नहीं’ बोला, मगर मतलब हाँ था.”

“तो नहीं क्यों बोला?”

“शरम आ रही थी,” मी म्हणालो.

ते एकदम जोरात श्वास सोडल्यासारखे हसले. “भाईसाहब, आपने तो जान निकाल दी. इसकी मम्मी रास्ते भर मुझे सुनाती आई है, शरीफ लोगों को रेस में बुला लिया, अब भुगतो. हमें लगा हम लोग पसंद नहीं आए.”

हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आम्ही त्यांना कसे दिसतो, याचाच विचार मी दिवसभर करत होतो.

“तो अगले संडे आप लोग घर आ जाओ,” ते म्हणाले. “लंच पे. वहीं तारीख निकाल लेते हैं. ठीक?”

नको, उगाच तुम्हाला त्रास, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते तिथे आलंय, हे मला स्पष्ट जाणवलं. मुलगी दारातून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“आते हैं,” मी म्हणालो, आणि पुढे काही निघू नये म्हणून ओठ मिटून घेतले. पलीकडे ते माझ्या ‘नहीं नहीं’ची वाट बघत असावेत.