जिदहफ्सला उभा राहिलेला खेकडा

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आता बसलाय असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. मी ऑडिटर आहे. कागद समोर असल्याशिवाय आकडा मानत नाही. म्हणून जेवढं स्वतः पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच लिहितो.

आम्ही बहारीनला जिदहफ्समध्ये राहतो. तिसरा मजला, मागच्या खोलीची खिडकी पश्चिमेला. समोर गच्च्या, पाण्याच्या टाक्या, पलीकडे थोडे खजूर. या देशात रेल्वे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात माझे वडील, अण्णा, व्हिजिट व्हिसावर आले. वय अठ्ठ्याहत्तर. कर्जतला रेल्वेत होते, आधी असिस्टंट, मग ड्रायव्हर. त्यांचं इंजिन म्हणजे 'खेकडा'. घाटासाठी स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं विजेचं इंजिन. पहिली दहा तिथून आली, बाकीची इंग्लंडात बांधली, एकूण एक्केचाळीस. दोन्हीकडे लांब नाक, चाकांना जोडणाऱ्या जाड दांड्या. साठाहून अधिक वर्षं राबली. घाटात मालगाड्या ओढल्या, थकल्यावर यार्डात शंटिंग केलं. आणि एक गोष्ट आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक पोराला पाठ होती – खेकडा उभा असला की कण्हायचा. खालच्या सुरात, लांबलचक. सुटला की कण्हणं थांबून दांड्यांची सळसळ सुरू व्हायची.

मी त्यांना टीव्हीवर जुन्या स्विस इंजिनांच्या फिल्म लावून द्यायचो. तिकडच्या इंजिनाला 'मगर' म्हणतात, हे ऐकून अण्णा खूश. "मग ही आपल्या खेकड्याची थोरली बहीण!"

पण महिन्याभरात त्यांचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, विमानप्रवास नाही. अण्णा मागच्या खोलीत पडून राहिले. धाप लागायची, झोप नाही. एकच बोलणं – घरी जायचंय. आणि मग एक दिवस खिडकीकडे बघत विचारलं, "विनू, स्टार्टर काय म्हणतो?"

स्टार्टर म्हणजे गाडी सुटायचा सिग्नल. रेल्वेत रीत अशी, की एकाने सिग्नल बघून मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तोच परत म्हणायचा. दोघांचं जमल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

"सिग्नल कुठे आहे इथे, अण्णा?"

"मला धुरकट दिसतंय. तू बघ. गाडी केव्हाची उभी आहे."

रोज तेच. बायको, माधवी, एकदा वैतागली. "अहो, सांगून टाका ना हिरवा आहे म्हणून. काय जातंय? जीव शांत होईल त्यांचा."

"न बघता कसं सांगू?"

अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "बरोबर आहे त्याचं, सुनबाई. न बघता बोलला तर इंजिनातून उतरवीन त्याला. ऑडिटर असला तरी."

त्याच आठवड्यात मला कण्हणं ऐकू आलं. पहिल्यांदा वाटलं, अण्णाच. पण ते जागे होते आणि शांतपणे माझ्याकडे बघत होते. मग वाटलं, एसीचा कॉम्प्रेसर. खालच्या मजल्यावरचे दाऊदभाई रत्नागिरीचे, एसीचीच कामं करतात. ते आले, स्टूलवर चढले, उतरले.

"एसी मफी प्रॉब्लेम, साहेब, काही बिघाड नाही. यल्ला, चला, मेनच बंद करून बघू." मेन बंद केला. फ्रिजसुद्धा थांबला. कण्हणं चालूच. दाऊदभाईंचा चेहरा उतरला. "मग हे कण्हतंय कोण?"

अण्णा म्हणाले, "उभा आहे ना तो. कण्हणारच."

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळीचं वादळ आलं. समोरच्या गच्च्यासुद्धा दिसेनात, काच नुसती पिवळट. अण्णांचा श्वास फार ओढत होता. त्यांनी माझं मनगट धरलं. "विनू... स्टार्टर?"

मी सवयीने बाहेर बघितलं.

धुळीत एक हिरवा ठिपका होता. गोल, स्थिर. फार्मसीची हिरवी पाटी इमारतीच्या दुसऱ्या अंगाला आहे. मशिदीचे दिवे मगरिबनंतर, म्हणजे संध्याकाळच्या नमाजानंतर लागतात. रस्त्यावरचा सिग्नल त्या खिडकीतून दिसत नाही. हे सगळं मी नंतर तपासलं. त्या क्षणी फक्त तोंडातून निघालं, "हिरवा, अण्णा."

"हिरवा," ते म्हणाले. आवाज स्वच्छ, ड्युटीवरचा.

कण्हणं थांबलं. मग ती सळसळ... आधी सावकाश, मग लयीत, मग लांब. ती ऐकू येईनाशी झाली तेव्हा माझ्या मनगटावरची त्यांची पकड सुटलेली होती.

भेटायला आलेल्यांना माधवी सांगते, "शेवटी यांनी अण्णांचं मन राखलं हो. खोटं का होईना, पण म्हणाले." पण मी मन राखलं नव्हतं. मला दिसलं ते मी सांगितलं. कसं दिसलं, हे खरं तर मी आता शोधतही नाही. प्रश्न दुसराच आहे. त्या दुपारी मी खिडकीकडे बघितलंच नसतं, तर गाडी अजून उभी असती का?