बारवेतल्या देवीचा हात

सन एकोणीसशे चौपन्नचा उन्हाळा. चैत्र संपून वैशाख लागला होता.

विहीर खणताना आतला मुरूम काठावर टाकतात. टाकणाऱ्याला वाटतं, नंतर कोणीतरी उचलून नेईल. कोणी नेत नाही. ढीग वाढत जातो. आमच्या टोळीचे किस्सेही असेच साचले आहेत. त्यातले आज एकाच गोष्टीचे सांगतो. आम्ही हैदराबादचा अजबखाना बघायला निघालो होतो, त्याचे. म्युझियम हा शब्द आम्हाला फार नंतर कळला. आणि निघायलाच चार वर्षं लागली.

टोळी पेडगावची, विहिरी खणणारी. मुकादम मी. सुरुंगाला गफूरभाई. पहारीला लिंबाजी. टोपल्या ओढायला दगडू, त्याचं तोंड हातांपेक्षा जास्त चालायचं. बाकीची माणसं येत, जात. आम्ही चौघं कायम.

*

चौपन्नच्या त्या उन्हाळ्यात सोनपेठच्या बाजूला एका गावात बुजलेली बारव उपसायचं काम घेतलं होतं. तळाला गाळ होता. लिंबाजीनं पहार मारली आणि थांबला. पहार कशावर बसली, ते हाताला कळतं. त्यानं गाळ बाजूला केला. खाली देवी उताणी पडलेली. काळ्या दगडाची, ठसठशीत. उजवा हात मनगटापासून तुटलेला. तुटलेली जागा पांढुरकी, ताजी.

"कुणी मारली रं पहार?" दगडूनं वरून विचारलं. कोणी मारली ते त्याला दिसत होतं.

पोलीस पाटलानं वर्दी दिली. तहसिलाची माणसं आली आणि देवीला गाडीत घालून घेऊन गेली. जाताना पेशकार म्हणाला, हिला हैदराबादच्या मोठ्या अजबखान्यात ठेवतील, देशाचा सगळा इतिहास तिथं मांडलेला असतो, या कधी बघायला.

देवी गेल्यावर दगडूच्या टोपलीतून हात वर आला. पाची बोटं शाबूत. करंगळीत अंगठी कोरलेली.

लिंबाजीनं तो धुतला, उपरण्यात गुंडाळला. मग पहार आणून माझ्या पायाशी ठेवली.

"मुकादम, हिचा हात हिला दिल्याबिगर मी पहार धरणार न्हाई."

मला वाटलं, उद्यापर्यंत डोकं ठिकाणावर येईल. आलं नाही.

*

लिंबाजीच्या पहारीवर आमच्या टोळीला काम मिळायचं. तो आता टोपल्या वाहू लागला.

पाथरीकडच्या एका पाटलाची विहीर धरली होती. पाटील काठावर येऊन उभे राहिले. लिंबाजीच्या डोक्यावर टोपली बघून म्हणाले, "मुकादम, ह्याला बायांच्या कामाला का लावलंय?"

मी सांगितलं, त्याचं देवीचं देणं आहे.

"मग फिटल्यावर या," पाटील म्हणाले. काम दुसऱ्या टोळीला दिलं.

लिंबाजीची बायको सोजरबाई लोकांच्या रानात कापूस वेचून घर चालवायची. एकदा मी तिच्या दारावरून चाललो होतो. तिनं मला थांबवलं.

"दाजी, देवीचा एकच हात मोडला. माझ्या घरातले दोन बसले."

 

*

गफूरभाईनं सरळ वाट सांगितली. हात तहसिलात द्यायचा, तेच पुढं पाठवतील. आम्ही गेलो. कारकून भला माणूस होता. त्यानं हात उलटासुलटा पाहिला, वर पाठवतो म्हणाला. खिडकीतून वारा येत होता. त्यानं तो हात टेबलावरच्या कागदांवर ठेवला.

पावसाळा गेला. सुगी झाली. लिंबाजी चौकशीला निघाला, मी सोबत गेलो. हात तिथंच होता, कागदांवर. बोटांना शाई लागलेली.

लिंबाजी पुढं झाला, हात उचलला, उपरण्यात गुंडाळला आणि चालू लागला. कारकून मागून ओरडला. मला वाटलं, आता हाताचं विचारील.

"अहो, कागद उडाले ना!"

*

मग ठरलं, आपणच जायचं. देवीकडं रिकामं कसं जावं, म्हणून सोजरबाईनं साडी-चोळी, नारळ, हळदकुंकू बांधून दिलं. दगडू स्टेशनवर बकरा घेऊन आला.

गफूरभाईनं कपाळाला हात लावला. "अरे बाबा, ते देऊळ न्हाई. अजबखाना हाय. दारात शिपाई असतो."

"मग शिपायाला बी वाटा देऊ," दगडू म्हणाला. "हात मोडलाय तिचा. नारळावर भागल व्हय?"

स्टेशनमास्तरांनी बकरा डब्यात घेऊ दिला नाही. कोणीतरी एकानं तो घरी न्यायचा, एवढीच गोष्ट. पण लिंबाजीला जाणं भाग होतं. गफूरभाईशिवाय तिकडची बोली कोणाला येत नव्हती. मी मुकादम. दगडू म्हणाला, बकरा माझा हाय, मीच का मागं ऱ्हाऊ? हे चालू असताना गाडी आली आणि गेली. प्लॅटफॉर्मवर आम्ही चौघं उरलो, आणि बकरा.

बकरा आखाडात कापला. लिंबाजीनं तोंडात घास घातला नाही.

*

त्या वर्षी काम कमीच होतं. पुन्हा निघणं जमलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावचे शाळामास्तर हैदराबादला निघाले. लिंबाजीनं त्यांना घरी जाऊन सांगितलं, देवी कुठं उभी केलीय, कोणत्या तोंडाला केलीय, एवढं बघून या. मास्तरांनी कबूल केलं.

परत आल्यावर मास्तर पारावर बसून भरभरून बोलले. तलवारी सांगितल्या, नाणी सांगितली. काचेच्या पेटीत मेलेली बाई आहे म्हणाले, मिसर देशाची, कापडात गुंडाळलेली, हजारो वर्षांची, अजून तशीच.

"आन् आमची देवी?" लिंबाजीनं विचारलं.

मास्तर म्हणाले, देव्या फार होत्या. पायाला गोळे आले होते.

सोजरबाई पाण्याला चालली होती. घागर कमरेवर घेऊनच थांबली. "मेलेल्या बाईला माती द्यायचं ज्यांना सुचलं न्हाई," ती म्हणाली, "ते आमच्या देवीला काय सांभाळणार?"

लिंबाजी उठून घरी गेला. 

*

छप्पन सालच्या दिवाळीत हैदराबादचं राज्य फुटलं. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद दुसऱ्यांचं झालं.

दगडूनं चावडीवर सांगितलं, "घर फुटल्यावर भांडी वाटतात, तसे देव बी वाटतात. आपल्या वाट्याची देवी येतीय बघा."

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. वाद झाला तो वेगळाच. घर फुटल्यावर देव थोरल्याकडं राहतात. मग थोरला कोण, आपण का हैदराबाद? यावर दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. गफूरभाई एकटाच म्हणाला, वेगळं आपण निघालोय, तिकडचं कुणी काही देणार न्हाई. त्याचं कोणी ऐकलं नाही.

लिंबाजी स्टेशनवर जाऊन बसू लागला. मालगाडी थांबली की उठायचा, डबे बघायचा. बैलगाडी बोलून ठेवली होती, देवी उतरली तर आणायला. काम असलं की कामावर, नसलं की स्टेशनवर. वर्ष असं गेलं. गावातली पोरं त्याला बघून हसायची. पुढं हसायचीही थांबली.

शेवटी स्टेशनमास्तर स्वतः त्याच्याजवळ येऊन बसले.

"लिंबाजी, ती येणार नाही. तू जा," म्हणाले. "आणि या खेपेला बकरा आणू नकोस."

*

अठ्ठावन्नच्या पौषात गेलो. चौघंच.

अजबखान्याच्या दारावर शिपाई होता. आत जाणाऱ्याकडं त्यानं पाहिलंही नाही. आत देवच देव. कोणाला नाक नाही, कोणाला मुंडकं नाही, कोणाचे गुडघ्याखाली पाय नाहीत. लिंबाजी एकेकापुढं थांबून नमस्कार करत होता.

दगडू म्हणाला, "लिंबाजी, उगाच झुरलास गड्या. तुझ्यासारखे लय होऊन गेले."

लिंबाजी हसला नाही.

आमची देवी खिडकीपाशी होती. धुऊन उभी केलेली. मनगटाची जागा आता पांढरी राहिली नव्हती. लिंबाजीनं उपरणं सोडलं आणि हात लांबूनच मनगटासमोर धरला. बसत होता.

आतले साहेब तरुण होते, बोलायला मऊ. गफूरभाईनं त्यांना सगळं सांगितलं. साहेबांनी हात पाहिला, देवी पाहिली. म्हणाले, हे तहसिलाकडून यायला पाहिजे. असं घेतलं तर उद्या कोणीही कोणताही दगड घेऊन येईल.

"साहेब, एकडाव लावून तर बघा," लिंबाजी म्हणाला.

लावून बघायची परवानगी साहेबांनाही नव्हती. आणि आमचं तहसील आता दुसऱ्या राज्यात. तिकडून कागद कधी निघायचा, निघाला तरी इकडं कोण घ्यायचा? वाट कायमची बंद झाली होती. ते मला कळलं. लिंबाजीलाही कळलं. त्याचं तोंड असं झालं की मी दुसरीकडं पाहिलं.

साहेब गेल्यावर मी हळूच म्हणालो, तिच्या पायाशी ठेव आणि चल.

"चोरावानी?" तो म्हणाला. "चोरावानी न्हाई ठेवणार."

हात गुंडाळून त्यानं बगलेत घेतला आणि आम्ही बाहेर निघालो.

बाहेर पडणाऱ्याची मात्र दारावर झडती होती. शिपायानं उपरणं सोडायला लावलं. दगडाचा हात बघितला आणि लिंबाजीच्या कानाखाली ठेवून दिली. पागोटं लांब जाऊन पडलं.

"मूरत का हाथ चुराको लेजारा?"

माझ्या टोळीतल्या माणसाला तोवर कोणी शिवलं नव्हतं. मी पुढं झालो. गफूरभाईनं सांगायला तोंड उघडलं. लिंबाजीनं आम्हा दोघांना आडवा हात घातला.

"मुकादम, गप बसा. गफूरभाई, तुमी बी."

शिपायानं दरडावून विचारलं, "तूच तोडा?"

"हौ," लिंबाजी म्हणाला. "मैंच तोडा."

गाल लाल झाला होता. डोळ्यांत पाणी होतं. तसाच उभा राहून त्यानं मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, "अब ये किधर जाएगा?"

"किधर जाएगा! जिसका हाय उसीच कू लगेगा. अब्बी साहब के सामने लगवातूँ."

"पक्का?"

"पक्का. अब निकल यहाँ से."

लिंबाजीनं त्याला वाकून नमस्कार केला. शिपाई हात घेऊन आत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत लिंबाजी बघत राहिला. मग पागोटं उचललं, झटकलं, डोक्याला नीट बांधलं.

"फिटलं," म्हणाला. "मुकादम, आता हीर कुठं धरलीय?"