बाजारच्या दिवशीची गोळी

आमच्या सोनपेठ तालुक्यात दुखणी घरोघर आहेत. पण दुखणं नांदवावं, तर ते माझ्या थोरल्या जाऊबाईंनीच. आठ वर्षं झाली, त्यांना सांध्यांचा वात आहे. म्हातारपणाचा नव्हे, अंगातली ताकदच उलटते आणि आपल्याच सांध्यांना खाते, तो. परभणीच्या डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजे घरातलेच वैरी की! ते तर मला लगीन झाल्यापासून म्हाईत हाय." डॉक्टर पोट धरून हसले. जाऊबाई जिथं जातात तिथं माणसं हसतात. मी जाते तिथं माणसं विचारतात, "ही कोण?"

सकाळी त्या जाग्या झाल्या की अंथरुणातूनच सगळ्या गल्लीला वर्दी देतात, "म्या उठले गंऽ, बोटं न्हाई उठली अजून!" मग समोरची विचारते, मागची विचारते, दूधवालासुद्धा कॅन खाली ठेवून विचारतो. सांध्यांना त्यांनी सासरची नावं दिली आहेत. उजवं मनगट म्हणजे नणंद, कारण ते न सांगता येतं आणि लवकर जात नाही. डावा गुडघा सासूबाई. बसलेल्या माणसाला उठू देत नाही. पायाची करंगळी मात्र माझ्या नावाची. "ही गरीब हाय," असं त्या आल्या-गेल्याला सांगतात, "दुखती, पण बोलत न्हाई." सगळे हसतात, मीही पदर तोंडाला लावून हसल्यासारखं करते.

खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर जळत होते. आजारी माणसावर जळणारी बाई दुसरी कुठं असेल तर मला ठाऊक नाही, पण मी होते. घरातला पहिला चहा त्यांचा. ओसरीवरच्या उन्हातली खुर्ची त्यांची. परभणीला दवाखान्यात जायचं म्हटलं की एसटीत खिडकीजवळची जागा त्यांची, आणि पिशव्या मांडीवर घेऊन मधे बसणारी मी. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे त्यांची वेणी. त्यांचे हात डोक्यापर्यंत जात नाहीत, म्हणून माझे भाया, म्हणजे त्यांचे मालक, रोज सकाळी त्यांच्या मागं बसून वेणी घालतात. भायांनी जन्मभर बैलांची दावी वळली, त्यामुळं वेणीही दाव्यासारखीच येते, घट्ट आणि पीळदार. जाऊबाई ओरडतात, "अवो, बैल न्हाई मी! जरा हळू!" भाया एक पेड सैल करतात. मी अंगण झाडता झाडता ते बघायची. माझ्या मालकांना माझे केस किती लांब आहेत असं कुणी विचारलं, तर ते आत येऊन मला विचारतील.

औषधांचंही तेच. एखादीनं गोळ्या लपवून खाल्ल्या असत्या. जाऊबाई पाहुण्यांना चहाबरोबर गोळ्यांचा डबा दाखवतात. मधे काही महिने त्यांना एक गोळी होती, तिनं चेहरा भाकरीसारखा फुगला आणि तुकतुकीत झाला. भूक अशी की दुपारी झाकून ठेवलेलं संध्याकाळपर्यंत उरायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ही सूज आहे. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "आक्का, लय तेज आलंय!" जाऊबाईंनी बायांचं खरं मानलं आणि सेलूला पाहुण्याकडं गेल्या तेव्हा फोटो काढून आणला. तो मोठा करून बैठकीत लावलाय. पुढं ती गोळी कमी झाली, चेहरा उतरला, केस गळायला लागले. फोटो तसाच आहे. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त द्यावं लागतं, तेव्हा रक्त घेणाऱ्या पोरीला त्या दटावतात, "इतकं रगत नेऊन दही लावायलीस का काय?"

आता माझं सांगते. गेल्या पावसाळ्यापासून माझीही बोटं सकाळी मिटेनाशी झाली होती. मी सगळ्यांच्या आधी उठायची, हात गरम पाण्यात धरायची आणि मग चुलीपुढं बसायची. तरी भाकरी नीट थापली जात नव्हती, कडेला फाटायची. जाऊबाई ताटातली भाकरी उचलून उजेडात धरायच्या, "धाकले, ही भाकर हाय का जिल्ह्याचा नकाशा? हितं पालम दिसायलंय बघ." एकदा मी धीर करून सगळ्यांसमोर म्हणाले, "आक्का, माझीबी बोटं दुखायलीत." त्यांनी टाळी मारायला हात उचलला, तो दुखला, तरी हसल्या, "घ्या! आता हिलाबी पायजे! अगं, साडी न्हाई ती, एकीला घेतली की दुसरीला घ्यायला!" सगळं घर हसलं. भायासुद्धा. माझं तोंड त्या दिवशी मिटलं ते मिटलंच. एका घरात एकाच दुखण्याच्या दोघी म्हटल्यावर दुसरीचं खरं कोण मानणार? जाऊबाईंचीही पहिली दोन वर्षं तेलात, पाल्यात आणि अंगाऱ्यात गेली होती आणि तेवढ्यात बोटं वाकली ती कायमची. ती वाकडी बोटं रोज समोर दिसायची. रात्री मी माझी चाचपून बघायची. सांगायची मात्र नाही.

मग ते बाजाराचं झालं. जाऊबाईंच्या गोळ्यांत एक पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. वार लक्षात राहत नाही म्हणून त्यांनी ती बाजाराला बांधली. आमच्या गावचा बाजार मंगळवारी. खुंटीवरची बाजाराची पिशवी खाली आली की त्या गोळी तोंडात टाकतात. भाया एकदा म्हणाले, "वार लिहून ठेव की." तर म्हणाल्या, "बाजारबी आठवड्यातून एकदाच भरतोय. लिहायला काय झालं?" चांगली सहा वर्षं ही पद्धत बिनचूक चालली. यंदा त्या भाच्याच्या लग्नाला पंधरा दिवस माहेरी गेल्या. तिथला बाजार शुक्रवारी. पलीकडच्या गावात बहीण राहते, तिच्याकडचा रविवारी. दोन्ही घरी पिशव्या खुंटीवरून निघाल्या, आणि जाऊबाईंनी आपला नेम मोडला नाही. मंगळवारी निघताना घेतलेली ती वेगळीच.

परत आल्या तेव्हा तोंडात फोडच फोड. पाणी जाईना, शब्द फुटेना. घरात अशी शांतता झाली की दूधवाला कॅन घेऊन दारातच थबकला. या बाईचं तोंड एक दिवस तरी बंद राहावं, असं मी कितीदा मनात म्हटलं होतं! आता बंद झालं तर मला घास गोड लागेना. भाया आणि मी त्यांना घेऊन परभणीला निघालो. एसटीत खिडकीजवळ बसल्या, पण बाहेर बघितलंच नाही.

भाया रक्ताच्या कागदासाठी रांगेत थांबले आणि तेवढ्यात आमचा नंबर लागला. जाऊबाई तोंडाला टॉवेल लावून खुर्चीत. तीन बाजारांचं मी कसंबसं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पिवळी गोळी फोड बरे होईपर्यंत बंद केली, जास्तीची गोळी अशीच चालू राहिली असती तर जिवावर बेतलं असतं म्हणाले. मग मलाच विचारायला लागले, "सकाळी बोटं किती वेळ आखडतात यांची?"

कंडक्टरला तिकीट मागतानाही मला शब्द सापडत नाहीत. मी फरशीकडं बघत बोलायला लागले आणि कसं कोण जाणे, थांबलेच नाही. "दोन तास आखडतात. पीठ मळायला घेतलं की मूठ मिटत न्हाई. भाकर थापताना इथं, बोटाच्या मुळाशी, ठणकतं. तवा बोटांनी उचलत न्हाई, मनगटावर घ्यावा लागतोय. नळ तळहातानं फिरवायचा. अन् हे सगळं लोकांच्या आधी उठून करायचं, म्हंजे कुणाला दिसत न्हाई."

 जाऊबाईंनी टॉवेल खाली घेतला. एकेक शब्द त्यांना काट्यासारखा लागत होता, तरी बोलल्या, "म्या... सा वर्सं... भाकर थापली न्हाई." आणि आपल्या वाकड्या बोटांनी माझं मनगट धरून त्यांनी माझा हात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "हिचं बघा. आधी हिचं."

डॉक्टरांनी माझं एकेक बोट दाबून पाहिलं. रक्त तपासलं. तेच निघालं. "बरं झालं लवकर आलात," ते म्हणाले, "बोटं वाचतील." जाऊबाईंना हे वाक्य कधीच कुणी म्हणालं नव्हतं.

त्यांच्या तोंडातले फोड गेले आणि तोंड पहिल्यासारखं सुरू झालं. आता गोळीच्या पाकिटावर भायांनी ठळक मंगळवार लिहिलाय, आणि त्या दिवशी आम्ही दोघी आपापली गोळी घेतो. पाहुण्यांना त्या सांगतात, "हिचं कवळं दुखणं हाय, माझ्यापुढं काय न्हाई." भाकरी आता माझे मालक थापायला शिकायलेत, त्यात सगळा मराठवाडा दिसतो.

पण रोज सकाळी, वेणी झाली की, जाऊबाई मला खुर्चीजवळ बोलावतात. माझा हात मांडीवर घेतात आणि एकेक बोट उघडून बघतात. "हे सरळ हाय. हे बी सरळ." करंगळीपर्यंत जातात. मग हात सोडत नाहीत, नुसत्या बघत राहतात. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. अंगण झाडताना कितीतरी वर्षं ती माझी होती. मला लाजल्यासारखं होतं, मी हात पदराखाली ओढायला लागते, तर म्हणतात, "राहू दे गं जरा. बघू दे."